दोन जोडण्या, एकच पूल

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच टीममधलं आहे. माणसांची, कंपनीची, शहराची नावं मुद्दाम टाळली आहेत आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. बाकी घडलं तसं लिहिलंय. त्यात माझ्या चुकाही आल्या; त्या वगळल्या असत्या तर सांगण्यासारखं फारसं उरलंच नसतं.

आमची नऊ जणांची टीम दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट नोंदवणारं सॉफ्टवेअर सांभाळते. मी टीमचा प्रमुख. जिच्याबद्दल लिहितोय ती रिलीज करते, म्हणजे तयार झालेली नवी आवृत्ती महिन्यातून दोनदा, रात्री दवाखाने बंद असताना, सर्व्हरवर चढवते. सहा वर्षं हे काम तिच्याचकडे होतं. चोख काम. इतकं चोख, की ती ते नेमकं कसं करते हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नवऱ्याला एका लहान शहरातल्या कॉलेजात कायमची नोकरी लागली. शहर कसलं, मोठं गावच. रेल्वे नाही. बघण्यासारखं काही नाही, त्यामुळे बाहेरचं कुणी मुद्दाम येत नाही. हमरस्ता एका काठावर, जुनी वस्ती दुसऱ्या काठावर, मध्ये नदी आणि तिच्यावर एकच पूल. रात्री आठनंतर रस्त्यावर कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात, असं तिनं पहिल्या आठवड्यात लिहून कळवलं होतं. तिला ती शांतता आवडली होती. तिथं राहून नोकरी चालू ठेवता येईल का, एवढंच तिला हवं होतं.

परवानगी देताना आम्ही काय पाहिलं

पाहिलं फार थोडं, हे आता कबूल करतो. जागा त्याच देशात असल्यामुळे कराचा प्रश्न सोपा होता. देश ओलांडला असता तर प्रकरण वेगळं झालं असतं. बऱ्याच देशांत वर्षात १८३ दिवस राहिलं की तिथले रहिवासी म्हणून कर लागू शकतो, आणि कंपनीलाही त्या देशात हिशेब द्यावा लागू शकतो. ते काही नव्हतं, म्हणून मनुष्यबळ विभागानं एका दिवसात सही केली.

तांत्रिक बाजूनं आम्ही विचारलं एवढंच: इंटरनेटचा वेग किती? तिनं नव्या घरातून वेग मोजून चित्र पाठवलं. उतरता (डाउनलोड) १००, चढता (अपलोड) ९०-९५ मेगाबिट. व्हिडिओ कॉलला चढत्या बाजूनं तीनचार मेगाबिट मिळाले तरी भागतं, म्हणजे इथं तर चैनच होती. पर्यायी जोडणी म्हणून तिनं दुसऱ्या कंपनीचं मोबाइल सिम घेतलं. "फायबर गेलं तर मोबाइल आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "झकास."

पहिला निर्णयाचा क्षण हाच होता आणि तो आम्हाला निर्णय वाटलाच नाही. आम्ही वेग विचारला, वाट विचारली नाही. तार घरापर्यंत कुठून येते, मोबाइलचा टॉवर कशावर चालतो, वाटेत दोन्ही कुठं एकत्र येतात का, यातलं एकही डोक्यात आलं नाही. मोठ्या शहरात हे विचारायची सवयच लागत नाही. तिथं एक रस्ता खणला तरी चार बाजूंनी तारा येत असतात.

पहिले चार महिने

काम उत्तम चाललं. उलट ऑफिसातल्यापेक्षा बरं. दुपारच्या शांततेत तिनं दोन वर्षं रखडलेलं चाचण्यांचं काम मार्गी लावलं.

किरकोळ अडचणी आल्या त्या वेगळ्याच होत्या. दिवसभर घरी दिसणारी बाई म्हणजे रिकामी बाई, अशी शेजारची समजूत. दार वाजायचं, कुणीतरी बसायला यायचं. एकीनं तर नवऱ्याला हळूच विचारलं, "त्यांची नोकरी गेली का हो?" तिनं यावर काढलेला तोडगा मला फार आवडला: ती रोज सकाळी नऊला बॅग खांद्याला लावून घराबाहेर पडायची, गल्लीला वळसा घालायची आणि परत घरात येऊन कामाला बसायची. आठ दिवसांत सगळ्यांना कळलं की बाई नोकरी करते.

दुसरी गोष्ट विजेची. वीज जायची, कधी वीस मिनिटं, कधी चार तास. घरात इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी जुनी शिसे-आम्लाची. असली बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की लवकर म्हातारी होते. तिनं फायबरचं डबडं आणि राउटर यांची वीज मोजली, दोन्ही मिळून १८ वॅट. दोघंही १२ व्होल्टवर चालणारे. मग बॅटरीतल्या डीसीचा इन्व्हर्टरनं एसी करायचा आणि ॲडॉप्टरनं पुन्हा डीसी करायचा, हा द्राविडी प्राणायाम कशाला? तिनं लिथियम आयर्न फॉस्फेटची लहान बॅटरी घेतली, १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तास, म्हणजे साधारण २५६ वॅट-तास. मध्ये एक व्होल्टेज स्थिर ठेवणारं उपकरण बसवलं, कारण चार सेलची ही बॅटरी पूर्ण भरताना १४.६ व्होल्टपर्यंत जाते आणि १२ व्होल्टच्या डबड्याला ते सोसेलच असं नाही. बारा तासांवर बेगमी झाली. शिवाय या प्रकारच्या फायबर जाळ्यात एक्सचेंज आणि घर यांच्यामध्ये विजेवर चालणारं काही नसतं. प्रकाशाचे फाटे फोडणारे डबे असतात, पण ते काचेचे. त्यामुळे दोन्ही टोकांना वीज असली की मधला मोहल्ला अंधारात असला तरी नेट चालतं.

एवढं बारकाईनं केल्यामुळे आम्ही सगळेच निर्धास्त झालो. विजेचा प्रश्न ज्या नजरेनं पाहिला त्याच नजरेनं तारेचा पाहिला असता तर पुढचं टळलं असतं.

ती रात्र

पाचव्या महिन्यातलं दुसरं रिलीज. रात्री पावणेअकराला सुरुवात. आठ सर्व्हर होते. एकेक बाजूला काढायचा, नवी आवृत्ती चढवायची, तपासायचा, परत गर्दीत सोडायचा. तीन झाले. चौथा चालू असताना, अकरा वाजून दहा मिनिटांनी, टीमच्या चॅटवर तिचं नाव करडं झालं.

मी दहा मिनिटं थांबलो. येईल म्हटलं. फोन लावला, लागेना. नवऱ्याचा लावला, तोही लागेना.

तिच्या बाजूला काय चाललं होतं ते नंतर कळलं. फायबरच्या डबड्यावर लाल दिवा लागला, म्हणजे प्रकाश येणंच थांबलं. तिनं लगेच मोबाइलचं हॉटस्पॉट चालू केलं. फोनवर सिग्नलचे सगळे दांडे भरलेले, पण आत काही जाईना. नवऱ्याचं सिम तिसऱ्याच कंपनीचं, तिथंही तेच. दांडे भरलेले दिसतात ते फोन आणि टॉवर यांच्यातल्या रेडिओचे; टॉवरच्या मागची तार तुटली असली तर टॉवर बिचारा उभाच असतो, त्याला जगाशी बोलता येत नाही. उंच माल भरलेल्या एका ट्रकनं पुलावरच्या कठड्यालगतचं केबलचं जुडगं ओढून नेलं होतं. घराचं फायबर त्या जुडग्यात होतं. जुन्या वस्तीतले दोन्ही टॉवर ज्यावर चालतात त्या ताराही त्याच जुडग्यात होत्या. तीन कंपन्या, तीन जोडण्या, पूल एक.

तिनं स्कूटर काढली, पूल ओलांडला आणि हमरस्त्याच्या बाजूचा टॉवर मिळाल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहून मला फोन केला. अकरा बावन्न. तोवर मी दुसऱ्या सहकाऱ्याला उठवलं होतं, पण आम्ही दोघंही आंधळे. रिलीजची स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची यादी, तिच्या लॅपटॉपवर. सर्व्हरशी तिचं एसएसएच सेशन, म्हणजे दुरून सर्व्हरवर काम करायची जोडणी, तुटलं तशी त्यात चाललेली प्रक्रियाही मेली. चौथा सर्व्हर ना नवा ना जुना. तीन सर्व्हर नव्या आवृत्तीवर, चार जुन्या. दुसऱ्या टाइमझोनमधल्या दवाखान्यांत तेव्हा सकाळ होत होती. त्यांच्याकडे नोंदवलेली अपॉइंटमेंट कधी दिसायची, कधी नाही, कुठल्या सर्व्हरकडे विचारणा गेली त्यावर अवलंबून.

तिनं फोनवरून एकेक आज्ञा तोंडी सांगितली आणि सहकाऱ्यानं टाइप केली. "डॅश, डॅश, आता स्पेस नाही, आता स्पेस." पाठीमागून ट्रक जायचा तेव्हा ती थांबायची. सगळं मूळपदावर यायला दोन तास चाळीस मिनिटं लागली.

दोष कुणाचा

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांच्या बैठकीत मी जे बोललो त्याची आजही लाज वाटते. मी म्हणालो, "तिथल्या सोयी कमी पडल्या." शहराचा दोष, तारेचा दोष, ट्रकचा दोष. बैठकीचा निष्कर्ष सरळ निघाला: दोन आठवड्यांत तिनं मोठ्या शहरात परत यावं, नाहीतर रिलीजचं काम सोडावं.

हे तिला सांगायला मी फोन केला. ती चिडली नाही. तिनं एकच विचारलं: "त्या रात्री मी ऑफिसात असते आणि मला चक्कर आली असती तर काय झालं असतं?"

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. हेच झालं असतं. स्क्रिप्ट एकाच लॅपटॉपवर, ती चालवायचं ज्ञान एकाच डोक्यात, सेशन तुटलं की काम मरतं, आणि "गडबड झाल्यास कोण काय करेल" याचा एक कागदही नाही. सर्व्हरवर टीमक्ससारख्या साध्या सोयीत स्क्रिप्ट चालवली असती तर जोडणी तुटूनही ती चालत राहिली असती. हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. शहरातलं नेट सहा वर्षं कधी तुटलं नाही म्हणून कुणी केलं नाही. तिच्या गावातला पूल एकेरी होता खरा, पण त्याआधी आमची टीम एकेरी होती. गावानं ते फक्त उघडं पाडलं.

मी आणखी दोन आठवडे मागून घेतले. या प्रकरणात मी वेळेवर केलेली गोष्ट बहुधा एवढीच.

नकाशा

त्या दोन आठवड्यांत तिनं जे केलं ते आमच्या कुठल्याही आराखड्यात नव्हतं. केबल जोडायला येणाऱ्या लाइनमनला तिनं गाठलं आणि दोन संध्याकाळ त्याच्याबरोबर गावभर पायी फिरली. हातात वहीचा कागद. कुठल्या खांबावरून कुठली तार जाते, कुठं जमिनीखाली उतरते, फाटे फोडणारा डबा कुठं आहे, टॉवरला तार कुठून मिळते. लाइनमन हसत म्हणाला, "ताई, एवढे खांब मीसुद्धा कधी मोजले नाहीत."

तो कागद तिनं मला पाठवला. पेन्सिलनं काढलेली नदी, पूल, खांबांचे ठिपके, आणि पुलावर लाल पेननं फुली. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं: "सगळं इथून." फुलीच्या अलीकडे, म्हणजे हमरस्त्याच्या काठावर, वेगळंच चित्र होतं. तिथं फायबर दोन दिशांनी येत होतं, टॉवर वेगळा, आणि विजेचा फीडर, म्हणजे वीज आणणारी मुख्य तार, तीही वेगळी.

फिरताना एक जोडफायदा झाला. लाइनमननं तिला फायबरच्या डबड्याच्या पानावर प्रकाशाची ताकद कशी बघायची ते दाखवलं. तिच्याकडे आकडा होता उणे २६ डीबीएम. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप; उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. तिच्याकडच्या प्रकारच्या जोडणीत, म्हणजे बी प्लस वर्गाच्या जीपॉनमध्ये, घरच्या डबड्याला साधारण उणे २७ पर्यंतचाच प्रकाश वाचता येतो. म्हणजे ती महिनोन् महिने कड्याच्या टोकावर बसली होती आणि वेगाच्या चाचणीत ते दिसत नव्हतं, कारण फायबर असंच असतं: पुरेसा प्रकाश असेपर्यंत पूर्ण वेग, आणि मग एकदम काही नाही. कारण निघालं साधं. खिडकीच्या चौकटीत तार काटकोनात दाबून बसवली होती, तिथून प्रकाश गळत होता. वळण मोठं केलं, जोडाचं टोक पुसलं, आकडा उणे २१ वर आला. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट, या हिशेबानं प्रकाश तिपटीहून जास्त वाढला, आणि तेवढ्यासाठी लागली पाच मिनिटं.

पर्याय

आता टेबलावर पर्याय होते ते असे, आणि त्यांचं वजन सारखं नव्हतं.

परत येणं. कंपनीला सोपं, तिला दोन घरं आणि आठवड्याचा प्रवास. शिवाय मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

रिलीजचं काम दुसऱ्याला देणं. वरकरणी शहाणपणाचं. पण मग नव्या माणसाच्या लॅपटॉपवर एकेरीपणा हलवला असता, एवढंच. आणि तिला पुलावरच्या ट्रकची शिक्षा झाली असती.

उपग्रह. यावर आम्ही बराच वेळ घालवला. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. विचारणा वर जाऊन खाली, उत्तर वर जाऊन खाली, असा चारदा तेवढा पल्ला, म्हणजे प्रकाशाच्या वेगानंही जवळजवळ अर्धा सेकंद. सर्व्हरवर टाइप करताना प्रत्येक अक्षरामागे अर्धा सेकंद थांबून बघा, मग कळेल. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांचं जाळं त्या मानानं चपळ असतं, पण त्याला मोकळं आकाश लागतं आणि तिच्या गच्चीवर शेजारच्या झाडाची सावली. शिवाय महिन्यातल्या दोन रात्रींसाठी ती यंत्रणा बारा महिने पोसायची. नाही म्हटलं, पण डोंगराळ किंवा पूलच नसलेल्या ठिकाणी मी हा पर्याय आधी बघेन.

चौथा पर्याय नकाशातून निघाला. पुलाच्या अलीकडे एक जागा. हमरस्त्याजवळच्या जुन्या छापखान्याच्या माडीवर एक खोली रिकामी होती. तिथली तार पुलावरून येत नाही, वीज दुसऱ्या फीडरवर.

माझा कल सुरुवातीला उपग्रहाकडे होता, कारण ते यंत्र विकत घेता येतं आणि वरिष्ठांना दाखवता येतं. खोली भाड्यानं घेणं हे उत्तर मला फार गावठी वाटलं. नंतर आठवलं, की १९७३ मध्ये जॅक नायल्स यांनी टेलिकम्युटिंग (ऑफिसात न जाता दुरून काम करणं) हा शब्द काढला, तेव्हाच्या त्यांच्या प्रयोगात माणसं घरून काम करत नव्हतीच. एका विमा कंपनीचे कर्मचारी घराजवळच्या लहान केंद्रांत जाऊन बसत. पन्नास वर्षांनी आम्ही फिरून तिथंच आलो होतो, फरक इतकाच की केंद्र एका माणसाचं आणि खाली छपाईयंत्र.

काय केलं

आधी टीमची बाजू. रिलीजची स्क्रिप्ट तिच्या लॅपटॉपवरून काढून सर्व्हरवर नेली. आता ती तिथंच चालते, बघणारा कुठूनही बघतो. दोन माणसांना रिलीज करता आलंच पाहिजे असा नियम केला, आणि नुसता लिहिला नाही: दर तिसरं रिलीज दुसरा माणूस करतो, ती फक्त बघते. पहिल्या खेपेला त्याला चार तास लागले. तिला बोलू न देणं हे माझं त्या रात्रीचं काम होतं आणि ते सोपं नव्हतं.

मग पंधरा मिनिटांचा नियम. रिलीज चालू असताना चालवणारा पंधरा मिनिटं गप्प झाला, तर दुसऱ्यानं ताबा घ्यायचा. विचारायचं नाही, वाट बघायची नाही, नंतर माफी मागायची नाही. त्या रात्री मी "येईल" म्हणून दहा मिनिटं घालवली आणि पुढची तीस मिनिटं फोन लावण्यात. हा नियम असता तर निदान तीन नव्या सर्व्हरना बाजूला काढून दवाखान्यांना जुन्याच आवृत्तीवर ठेवता आलं असतं.

खोली घेतली. रिलीजच्या रात्री आणि महत्त्वाच्या कॉलला ती तिथं बसते. मालकानं एकच अट घातली, जिन्यातला दिवा मालवायचा. अडचण अशी निघाली, की कागद कापायचं यंत्र मंगळवारी दुपारी चालतं आणि त्याचा धप्प आवाज माइकमधून सगळ्यांना ऐकू जातो. एका ग्राहकानं बैठकीत विचारलं, "कुणी दार आपटतंय का?" तेव्हापासून मंगळवारच्या दुपारी आम्ही तिला बोलायला लावत नाही.

दुसरी अडचण, उशिरा दिसलेली

प्रकरण इथं संपलं असं मला वाटलं होतं. सात-आठ महिन्यांनी टीममध्ये उपप्रमुखाची जागा निघाली. मी दोन नावं सुचवली. तिचं त्यात नव्हतं. मुद्दाम वगळलं नव्हतं, आठवलंच नाही. हे मुद्दाम वगळण्यापेक्षा वाईट आहे असं मला वाटतं.

तिनं निकाल लागल्यावर फोन केला. "मी अर्ज केला असता तर तू काय म्हणाला असतास?" मी म्हटलं, लगेच हो म्हटलं असतं. ती म्हणाली, "मला जागा निघाल्याचंच कळलं नाही. तुम्ही ते कॅन्टीनमध्ये बोललात."

याला पुरावा हवाच असेल तर आहे. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीतला प्रयोग २०१५ मध्ये छापून आला. कॉल सेंटरमधल्या स्वेच्छेनं पुढे आलेल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून नऊ महिने घरून काम दिलं. त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण कामाच्या मानानं त्यांच्या बढत्या मागे पडल्या, आणि प्रयोग संपल्यावर निवडीची मुभा मिळताच निम्म्या लोकांनी निर्णय बदलला. एकटेपणा हे त्यातलं मोठं कारण. मी हा अभ्यास आधी वाचला होता, बैठकीत सांगितलाही होता, पण त्यातले १३ टक्केच.

एकेरीपणा इथंही होताच. टीमशी तिचा दुवा म्हणजे मी, एवढाच. मी विसरलो की ती सगळ्यांच्या विस्मरणात. तारेसाठी आम्ही दुसरी वाट शोधली, माणसासाठी शोधली नव्हती.

यावर दोन गोष्टी केल्या. अंतर्गत जागा आता आधी लेखी जाहीर होते, मग कुणाशी बोलायचं ते बोला. आणि ती दर सहा आठवड्यांनी तीन दिवस ऑफिसात येते, प्रवासखर्च कंपनीचा. त्या तीन दिवसांत तिला मुद्दाम कुठलंही डेडलाइनचं काम देत नाही. पहिल्यांदा वरिष्ठांनी विचारलं, मग ती येऊन करणार काय? चहा पिणार, असं मी सांगितलं. ते हसले, पण खरंच तेवढंच अपेक्षित होतं.

एकटेपणाचं तिनं स्वतः फार बोलणं केलं नाही. एकदा फक्त म्हणाली, दिवसभरात ती मोठ्यानं बोलते ती वाक्यं मोजली तर बहुतेक कॉलवरचीच असतात, आणि कॉलवरची वाक्यं कामाची असतात. छापखान्याच्या मालकाशी गप्पा सुरू झाल्यावर तिला त्याचा फरक कळला. त्या गप्पा मुद्रितशोधनावर घसरल्या आणि आता ती अधूनमधून त्याची प्रुफं तपासून देते. हे आम्ही कुठल्याही उपायात धरलं नव्हतं.

परिणाम

खोली घेतल्यानंतरच्या वर्षभरात पुलावरची तार तीनदा तुटली. रिलीजला एकदाही धक्का लागला नाही. त्यातली एक वेळ रिलीजच्या रात्रीचीच होती. ती माडीवर होती आणि तार तुटल्याचं तिला घरी गेल्यावर कळलं. पंधरा मिनिटांचा नियम एकदा वापरला गेला, पण तिच्यासाठी नाही: ऑफिसात बसलेल्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपनं मधेच अपडेट सुरू केलं आणि तिनं माडीवरून ताबा घेतला. त्या दिवशी कुणी मोठ्या शहराच्या सोयींबद्दल बोललं नाही.

उपप्रमुखाची जागा तिला मिळाली नाही, ती आधीच भरली होती. पुढच्या वर्षी रिलीजची स्वतंत्र जबाबदारी असलेलं पद तयार झालं, ते तिला दिलं. हे समाधानकारक आहे की उशिराची भरपाई, याबद्दल आमचं दोघांचं एकमत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

परवानगी देताना मी वेगाचं चित्र मागणार नाही, नकाशा मागेन. पेन्सिलचा चालेल. तार आणि टॉवर गावात कुठून शिरतात, वीज कुठून येते, आणि तिन्ही एका ठिकाणी भेटतात का. लाइनमनबरोबर दोन संध्याकाळ फिरल्यावर हे कळतं. कंपनीच्या मदतवाहिनीवर विचारून कळत नाही, आम्ही विचारून पाहिलंय.

फायबरच्या प्रकाशाचा आकडा महिन्यातून एकदा लिहून ठेवायला सांगेन. उणे १९ चा हळूहळू उणे २४ झाला तर अजून बिघाड नाही, पण बोलावणं करायची वेळ ती. तार मेल्यावर बोलावलं तर गावात एकच लाइनमन असतो आणि तो त्या दिवशी सगळ्यांनाच हवा असतो.

आणि जाणाऱ्या माणसाच्या सोयी तपासायच्या आधी टीमच्या तपासेन. तो माणूस आठ दिवस गायब झाला तर काय अडेल, याची यादी तो गेल्यावर नाही, गावी जायचा विषय निघाला त्याच दिवशी. आमची ती यादी एका ओळीची असती आणि त्या ओळीत तिचं नाव असतं.

एका बाबतीत मात्र मी अजून ठाम नाही. दोन आठवड्यांची मुदत मी वाढवून घेतली नसती आणि ती परत आली असती, तर रिलीजची घडी आम्ही बसवली असती का? मला वाटतं, नसती. अडचण दूर गेल्यासारखी वाटली असती.

गेल्या महिन्यात छापखान्याच्या मालकानं इमारत विकायला काढल्याचं सांगितलं. तीन महिन्यांत खोली सोडावी लागेल. तिनं जुना नकाशा पुन्हा काढला, फोटो पाठवला. हमरस्त्याच्या काठावर आता चार नवे गोल आहेत, दोन खोडलेले. खोडलेल्या एकाशेजारी लिहिलंय: "तार अलीकडची, पण वीज पुलावरून."